वाचकांचे प्रश्न : बुल्गाकोव वाचताना, बुल्गाकोव बसवताना

मिखाइल बुल्गाकोव (१८९१–१९४०) या रशियन कादंबरीकार-नाटककाराची छोटी ओळख मागच्या अंकात दिली होती. त्यावर आलेल्या पत्रांतले सात प्रश्न इथे घेतले आहेत. पुस्तकांची नावं सोयीसाठी मराठीत दिली आहेत. इंग्रजी प्रतींवर ती थोडीफार वेगळी दिसतील.

‘मास्टर आणि मार्गारिटा’ वाचायला घेतली, पण साठेक पानांनंतर सोडून दिली. नावं लक्षात राहत नाहीत आणि दुसऱ्याच प्रकरणात कथा मॉस्कोतून येशूच्या काळात जाते. आधी दुसरं काही वाचावं का? – वाचक, मुलुंड

हो, आधी ‘कुत्र्याचं काळीज’ वाचा. छोटी कादंबरी आहे आणि बहुतेक सगळं एका फ्लॅटमध्ये घडतं. एक सर्जन रस्त्यावरच्या कुत्र्यात माणसाची पिट्युटरी ग्रंथी बसवतो आणि कुत्र्याचा माणूस होतो, तोही फार वाईट माणूस. लक्षात ठेवायला पाच-सहा माणसं. त्यानंतर ‘तरुण डॉक्टरची टिपणं’ आणि मग मोठी कादंबरी. ‘व्हाइट गार्ड’ शेवटी ठेवा, कारण १९१८ सालच्या कीवमध्ये कोण कोणाविरुद्ध लढत होतं हे माहीत नसेल तर तिथे निम्मी मजा जाते.

नावांची अडचण मराठी माणसाला खरं तर कमी पडायला हवी. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव हा क्रम आपलाच आहे. फरक इतकाच की आपल्याकडे वडिलांचं नाव रेशन कार्डावर आणि लग्नपत्रिकेत येतं, तिथे ते रोजच्या बोलण्यात येतं. ‘इवान निकोलायेविच’ म्हणजे आपल्या ‘इवानराव’सारखं आदराचं संबोधन. पहिल्या पानात एक चिठ्ठी ठेवा आणि तिच्यावर एवढंच लिहा: इवान निकोलायेविच, पोनिर्योव आणि कवी ‘बेघर’ हा एकच माणूस. कोरोव्येव आणि फॅगॉट एकच, सैतानाच्या टोळीतला. येर्शलाइम म्हणजे जेरुसलेम, येशुआ म्हणजे येशू. निकानोर इवानोविच हा बिल्डिंगच्या कमिटीचा अध्यक्ष. बाकीची मंडळी आपली ओळख आपणच करून देतात.

आता रचना. कादंबरीत ३२ प्रकरणं आणि एक उपसंहार आहे. त्यांतली फक्त चार, म्हणजे २, १६, २५ आणि २६, येर्शलाइममध्ये घडतात. दुसरं प्रकरण वोलांड, म्हणजे सैतान, सांगतो. सोळावं हे इवानला मनोरुग्णालयात पडलेलं स्वप्न आहे. शेवटची दोन मार्गारिटा मास्टरच्या हस्तलिखितातून वाचते. सांगणारे तिघे, पण गोष्ट एकच आणि सलग. दुसऱ्या वाचनाला ही चार प्रकरणं एका बैठकीत वाचून पाहा. पहिल्या वाचनात मात्र वगळू नका.

आणखी एका कारणानं लोक पुस्तक सोडतात: नायक येतच नाही. मास्टर तेराव्या प्रकरणात येतो, मार्गारिटा प्रत्यक्ष एकोणिसाव्यात. तोपर्यंत धीर धरा. मॉस्कोतल्या साऱ्या घडामोडी बुधवारच्या संध्याकाळपासून शनिवारच्या रात्रीपर्यंतच्या आहेत, हेही चिठ्ठीवर लिहून ठेवलंत तर गोंधळ होणार नाही.

फाउंटनच्या फुटपाथवर याच कादंबरीच्या दोन जुन्या इंग्रजी प्रती मिळाल्या. दोन्ही भाषांतरं १९६७ची, पण एक बारीक. शिवाय मास्टर आणि मार्गारिटा दोनदा मरतात असं वाटतं. ही छपाईची चूक आहे का? – वाचक, गिरगाव

बारीक प्रत बहुधा मिरा गिन्सबर्ग यांच्या भाषांतराची असेल, जाडी मायकेल ग्लेनी यांची. ही कादंबरी ‘मॉस्क्वा’ मासिकात नोव्हेंबर १९६६ आणि जानेवारी १९६७च्या अंकांत पहिल्यांदा छापली गेली, तेव्हा लेखकाला जाऊन २६ वर्षं झाली होती. संपादकांनी आणि सेन्सॉरनं मिळून सुमारे आठवा भाग कापला होता. गिन्सबर्गबाईंच्या हाती तोच कापलेला मजकूर होता, ग्लेनींना पूर्ण मिळाला. भाषा गिन्सबर्ग यांची जास्त चपळ आहे, असं आमचं मत. पण अपुरं ते अपुरं.

प्रत तपासायची सोपी खूण पंधराव्या प्रकरणात आहे. निकानोर इवानोविचला स्वप्न पडतं: एका नाट्यगृहात लोकांना जमिनीवर बसवलंय आणि मंचावरून एकेकाला, लपवलेलं परकी चलन काढा, असं फर्मावलं जातंय. हे स्वप्न सविस्तर नसेल तर प्रत कापलेली समजा. नवी प्रत घ्यायची असेल तर बर्जिन आणि ओ’कॉनर (१९९५) किंवा पिव्हियर आणि वोलोखोन्स्की (१९९७) यांपैकी कुठलीही घ्या. पहिल्या जोडीच्या आवृत्तीत टिपा चांगल्या आहेत. दुसरी जोडी मूळ वाक्याला इतकी चिकटून चालते की इंग्रजी अधूनमधून अडखळतं.

दोनदा मरण्याबद्दल : छपाईची चूक नाही. तळघरातल्या खोलीत दोघं विषानं मरतात. त्याच वेळी मास्टर इस्पितळातल्या खाटेवर आणि मार्गारिटा आपल्या बंगल्यात मरते. उपसंहारात मात्र दोघं बेपत्ता झाल्याचं लिहिलंय. तसंच, वोलांडच्या टोळीतली हेला शेवटच्या उड्डाणात दिसतच नाही. कारण असं की बुल्गाकोवनं ही कादंबरी १९२८मध्ये सुरू केली, मार्च १९३०मध्ये पहिला मसुदा जाळला, पुन्हा लिहिली, १९३८च्या उन्हाळ्यात मेहुणी ओल्गा बोक्शान्स्काया हिच्याकडून टाइप करून घेतली आणि मग मरेपर्यंत दुरुस्त्या करत राहिला. शेवटी दृष्टी गेली होती. तो सांगायचा आणि पत्नी येलेना लिहून घ्यायची. फेब्रुवारी १९४०मध्ये काम थांबलं तेव्हा दुसरा भाग पूर्ण तपासून झालेला नव्हता. १० मार्चला तो गेला. मूत्रपिंडाच्या ज्या विकारानं १९०७मध्ये वडील गेले, त्याच विकारानं. त्यामुळे पहिला भाग घोटून घोटून गुळगुळीत आहे आणि दुसऱ्यात असे सांधे उघडे राहिलेत.

बुल्गाकोवच्या गोष्टींत खोल्या, जागा, हाउसिंग कमिटी यांचा इतका घोळ का? मूळ विषय बाजूला राहतो असं वाटतं. – वाचक, लालबाग

लालबागहून हा प्रश्न यावा याचं जरा नवल वाटलं. जागा हाच तिथला मूळ विषय आहे.

क्रांतीनंतर मॉस्कोतल्या मोठ्या घरांत जास्तीची बिऱ्हाडं घुसवली गेली. ‘कुत्र्याचं काळीज’मधला शारिकोव, म्हणजे माणूस झालेला तो कुत्रा, बिल्डिंग कमिटीचा कागद दाखवून माणशी १६ चौरस अर्शिन जागेवर हक्क सांगतो. एक अर्शिन म्हणजे ७१ सेंटिमीटर. हिशोब केलात तर आठ चौरस मीटर येतात, आपल्या भाषेत ८७ चौरस फूट. बीडीडी चाळीतली खोली १६० फुटांची, म्हणजे या मापानं एका खोलीत दोन माणसंही पुरती मावत नाहीत. त्याच कादंबरीतल्या प्रोफेसरकडे सात खोल्या आहेत. कमिटीचे लोक येऊन, जेवणाची आणि तपासणीची खोली सोडा, असं सांगतात, तर हा गृहस्थ आठवी खोली मागतो! हा प्रवेश मुंबईच्या वाचकाला टिपेशिवाय कळावा.

बुल्गाकोव १९२१मध्ये मॉस्कोत आला तो बोल्शाया सादोवाया रस्त्यावरच्या १० नंबरच्या इमारतीत, ५० नंबरच्या फ्लॅटमधल्या एका खोलीत. बाकीच्या खोल्यांत दुसरी बिऱ्हाडं, स्वयंपाकघर सामाईक. तिथे राहायचं तर नावाची नोंद लागायची, आणि कमिटी ती करीना. शेवटी लेनिनची पत्नी क्रुप्स्काया हिला भेटून त्यानं तिची चिठ्ठी मिळवली, तेव्हा काम झालं. पुढे त्यानं हाच फ्लॅट नंबर सैतानाला राहायला दिला. आज तिथे त्याचं संग्रहालय आहे.

‘मास्टर’ कादंबरीत याच फ्लॅटमधला बर्लिओझ ट्रामखाली सापडून मरतो. बातमी फुटल्यावर दोन तासांत निकानोर इवानोविचकडे त्या जागेसाठी ३२ अर्ज येतात. विनवण्या, धमक्या, चहाड्या, स्वखर्चानं दुरुस्ती करून घेण्याची आश्वासनं, सगळं त्यांत आहे. आपल्याकडे पागडीची खोली रिकामी झाल्यावर जे चालतं, त्यापेक्षा काही वेगळं नाही.

यातला आमचा आवडता तुकडा बाविसाव्या प्रकरणात आहे. छोट्या फ्लॅटमध्ये एवढा प्रचंड दिवाणखाना कसा मावला, असं मार्गारिटाला वाटतं. कोरोव्येव म्हणतो, पाचवी मिती माहीत असली की जमतं, आणि काहींना तर तीही लागत नाही. एका माणसाला तीन खोल्यांचा फ्लॅट मिळाला. त्यानं एका खोलीत पार्टिशन टाकून चार केल्या. तो फ्लॅट देऊन दोन वेगळ्या भागांत दोन फ्लॅट घेतले, एक तीन खोल्यांचा आणि एक दोन खोल्यांचा. झाल्या पाच. मग तीनवाला देऊन दोन-दोन खोल्यांचे दोन घेतले. सहा! आता या विखुरलेल्या सहा देऊन पाच खोल्यांचा एकच फ्लॅट घ्यायचा त्याचा बेत होता, तेवढ्यात त्याच्या उद्योगाला आळा बसला. ठाण्यात, बोरिवलीत असे अदलाबदलीचे उस्ताद कोणी पाहिले नसतील?

आणि तो प्रायमस. चौथ्या प्रकरणात इवान एका सामाईक स्वयंपाकघरात शिरतो, तिथे विझलेले दहाएक प्रायमस ओळीनं मांडलेत. एका ओट्यावर दहा स्टोव्ह म्हणजे दहा बिऱ्हाडं. पुढे सैतानाच्या टोळीतला बेहेमोथ बोका पोलिसांसमोर प्रायमस दुरुस्त करत बसतो आणि शेवटी त्याच रॉकेलनं फ्लॅट पेटतो. स्टोव्हला पिन मारून वाढलेल्या पिढीला हा विनोद समजावून सांगायची गरज नाही. तरुण वाचकांनी आजीला विचारावं.

‘तरुण डॉक्टरची टिपणं’ वाचली. वैद्यकीय तपशील कितपत खरे आहेत? – परिचारिका, परळ

जवळजवळ सगळे खरे. बुल्गाकोव १९१६मध्ये कीव विद्यापीठातून डॉक्टर झाला आणि सप्टेंबर १९१६ ते सप्टेंबर १९१७ या काळात स्मोलेन्स्क प्रांतातल्या निकोल्स्कोये गावच्या दवाखान्यात एकटा डॉक्टर होता. बदलीच्या वेळी मिळालेला दाखला उपलब्ध आहे: वर्षभरात दाखल रुग्ण २११, बाह्यरुग्ण १५,३६१. दिवसाला सरासरी ४२. कथेत तो आकडा शंभराच्या घरात जातो, तेवढं वाढवलंय. दाखल्यात शस्त्रक्रियाही मोजल्या आहेत. त्यांत मांडीतून पाय कापणं १, आडव्या बाळाला पाय धरून फिरवणं ३, श्वासनलिका उघडणं १. या तिन्हींवर एकेक कथा आहे.

‘पोलादी नळी’ ही कथा तुम्ही कामाच्या नजरेनं पुन्हा वाचा. घटसर्पानं गुदमरलेली छोटी मुलगी. डॉक्टर गळ्यावर उभा छेद घेतो. क्षणभर रक्तच येत नाही, मग एकदम येतं. चिमटे लावून होतात, पण श्वासनलिका सापडत नाही. सापडते तेव्हा दोन्ही बाजूंनी आकडे लावून ती वर धरायची असते, आणि आकडा धरलेला मदतनीस चक्कर येऊन पडतो. पडताना आकडा ओढला जातो आणि नलिका फाटते. मग नळी आत बसते, मूल निपचित पडतं, झटका येतो, गुठळ्या बाहेर उडतात आणि हवा आत जाते. सगळं एखाद-दुसऱ्या पानात. मदतनीस आधीच पांढराफटक पडला होता आणि खोली बंद, उकाड्याची होती, हे त्यानं आधी पेरून ठेवलंय. तुमच्या लक्षात येईलच.

‘इजिप्तचा अंधार’ या कथेत मलेरियाचा रुग्ण क्विनाइनच्या वेळेवर घ्यायच्या पुड्या एकाच वेळी घेऊन टाकतो, रोज रोज कशाला कटकट म्हणून. असा रुग्ण परळला अजून येत असणार.

खोटं म्हणावं असं एकच. कथांतला डॉक्टर तिथे एकटाच राहतो, प्रत्यक्षात पहिली पत्नी तात्याना त्याच्यासोबत होती. घटसर्पाच्या एका रुग्णानंतर त्यानं खबरदारी म्हणून सीरम टोचून घेतलं, त्याची तीव्र रिअॅक्शन आली, ती सोसेना म्हणून मॉर्फिन घेतलं आणि व्यसन लागलं. ही हकीकत तात्यानानंच सांगितली आहे. १९१८मध्ये कीवला परतल्यावर तिच्या मदतीनं तो सुटला. तिनं सिरिंजमध्ये मॉर्फिन कमी आणि शुद्ध पाणी जास्त भरायला सुरुवात केली होती. ‘मॉर्फिन’ कथेतला डॉक्टर मात्र सुटत नाही.

तो स्टालिनचा आवडता होता म्हणतात. मग छळ झाला असं का सांगतात? – वाचक, चेंबूर

दोन्ही खरं. ‘टर्बिन कुटुंबाचे दिवस’ हे त्याचं नाटक ५ ऑक्टोबर १९२६ला मॉस्को आर्ट थिएटरमध्ये आलं आणि नाट्यगृहाच्या नोंदींप्रमाणे स्टालिननं ते पंधराएक वेळा पाहिलं. तरी १९२९पर्यंत त्याची सगळी नाटकं बंद झाली होती. आपल्याबद्दलच्या परीक्षणांची कात्रणं तो जपून ठेवायचा. मोजली तेव्हा ३०१ भरली. चांगली ३, शिव्यांची २९८. हा हिशोब त्यानं २८ मार्च १९३०च्या सरकारला लिहिलेल्या पत्रात दिला आणि मागणी केली: देशाबाहेर जाऊ द्या, नाहीतर नाट्यगृहात काम द्या. १८ एप्रिलला स्टालिनचा फोन आला. आर्ट थिएटरमध्ये सहायक दिग्दर्शकाची नोकरी मिळाली.

म्हणजे पोट भरलं, पण छापणं बंदच राहिलं. ‘टर्बिन’ १९३२मध्ये पुन्हा सुरू झालं. फ्रेंच नाटककार मोलिएरवरचं नाटक चार वर्षांहून जास्त तालमींनंतर फेब्रुवारी १९३६मध्ये आलं आणि कम्युनिस्ट पक्षाच्या ‘प्रावदा’ या वृत्तपत्रातल्या एका लेखानं सात प्रयोगांत बंद पडलं. १९३९मध्ये त्यानं तरुण स्टालिनवर ‘बातूम’ लिहिलं. नाटकातली मंडळी आगगाडीनं बातूमीकडे निघाली होती, वाटेतच तार आली: गरज नाही, परत या. आवडता म्हणायचं ते इतकंच की त्याला अटक झाली नाही. त्या काळात हे थोडं नव्हे, पण तो आसरा होता असं म्हणणं भाबडेपणाचं होईल.

त्याला रशियन म्हणायचं की युक्रेनियन? – वाचक, विलेपार्ले

जन्म कीवचा, वडील तिथल्या धर्मशास्त्र अकादमीत प्राध्यापक, सगळं लेखन रशियन भाषेत. कीववर त्याचं प्रेम होतं, युक्रेनच्या स्वतंत्र राष्ट्र होण्यावर नव्हतं. ‘व्हाइट गार्ड’मध्ये युक्रेनियन राष्ट्रवादी पुढारी पेटल्युरा याच्या सैन्याबद्दल आणि युक्रेनियन भाषेबद्दल जी चेष्टा येते, ती आज तिथल्या वाचकांना बोचते यात गैर काही नाही. २०२२नंतर आंद्रियिव्स्की उतारावरच्या १३ नंबरच्या घरातल्या त्याच्या संग्रहालयावरून कीवमध्ये मोठा वाद झाला. आम्ही त्याला ‘रशियन भाषेतला, कीवचा लेखक’ म्हणतो.

आमची हौशी संस्था राज्य नाट्य स्पर्धेसाठी बुल्गाकोवचं नाटक मराठीत करायचं म्हणते. कुठलं घ्यावं आणि हक्कांचं काय? – गिरगाव

‘टर्बिन’ घेऊ नका, असं आमचं स्पष्ट मत. चार अंक, सात प्रवेश. त्यांतले चार एकाच घरात होतात, पण हेतमानचा, म्हणजे जर्मनांच्या पाठिंब्यावर राज्य करणाऱ्या सत्ताधीशाचा, महाल, पेटल्युराचा तळ आणि शाळेचा जिना हे तिन्ही वेगळे. मुख्य माणसं आठ, वर सैनिकी पोरांचा जमाव. शिवाय जर्मन, हेतमान, पेटल्युरा आणि बोल्शेविक अशा चार बाजू प्रेक्षकाला कळायला हव्यात. निवेदक आणून हे समजावणारी संहिता हमखास पडते. आणि हे नाटक जिच्यावरून आलं ती ‘व्हाइट गार्ड’ कादंबरी वाचून नाटक करायला जाल तर फसाल. कादंबरीतला अलेक्सेइ टर्बिन डॉक्टर आहे आणि वाचतो, नाटकातला कर्नल आहे आणि तिसऱ्या अंकात मरतो. रंगभूमीसाठी बुल्गाकोवनं तीन माणसं एकात घातली.

मोलिएरवरचं नाटक घ्या. नाटक कंपनी, राजाची मर्जी, धर्मगुरूंचा राग, घरातली भानगड, हे मराठी रंगभूमीला परकं नाही. पहिला अंक विंगेत घडतो: समोर कलाकारांच्या खोल्या आणि बाजूला तिरका दिसणारा मंच. साहित्य संघासारख्या मंचावर एका कोपऱ्यात वीतभर उंचीची पातळी केलीत तर भागतं, पण त्या आतल्या मंचाचा प्रकाश कडेनं यायला हवा. समोरून दिलात की दोन्ही जागा एक होतात आणि प्रवेश मरतो. कपडेपटावर पैसे उधळू नका. मूळ प्रयोग त्याच पायी भपक्याचा ठरला. ‘प्रावदा’च्या लेखाच्या मथळ्यातच बाहेरचा थाट आणि आतला खोटेपणा अशी जोडी होती. एक तपशील मात्र ठरवून घ्या. नाटकात मोलिएर मंचावर मरतो, इतिहासात १७ फेब्रुवारी १६७३ला प्रयोग संपल्यावर काही तासांनी घरी. बुल्गाकोवनं केलंय तसंच ठेवा.

हक्कांबाबत : लेखक १९४०मध्ये वारला म्हणजे सगळं मोकळं, हा समज चुकीचा आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. त्याच्या हयातीत प्रयोग झालेल्या ‘टर्बिन’, ‘झोयाचा फ्लॅट’ आणि मोलिएरच्या नाटकांची मुदत या नियमानं २०००च्या अखेरीस संपली. पण मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या कृतीची ६० वर्षं तिच्या पहिल्या प्रसिद्धीपासून मोजतात. म्हणून १९६७मध्ये छापून पूर्ण झालेल्या ‘मास्टर’चं नाट्यरूपांतर करायचं तर २०२७ची अखेर धरावी लागते, १९६८मध्ये परदेशात छापलेल्या ‘कुत्र्याचं काळीज’साठी २०२८ची. परदेशी लेखकाच्या बाबतीत मूळ देशातली मुदतही पाहिली जाते, तेव्हा या दोन पुस्तकांना हात लावण्याआधी वकिलाचं लेखी मत घ्या.

इंग्रजीवरून मराठी करणार असाल तर त्या इंग्रजी भाषांतरकाराचा हक्क वेगळा असतो, त्याच्या प्रकाशकाला पत्र लिहून परवानगी मागा. रशियनवरून करणं जास्त सुटसुटीत. कालिन्यात विद्यापीठाच्या रशियन वर्गांत किंवा पेडर रोडच्या रशियन हाउसमध्ये चौकशी केलीत तर मजकूर ताडून देणारं कोणीतरी भेटू शकेल. पूर्ण मराठी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे तालमी रंगात येण्याआधीच द्या. तिथून बदल सुचवले गेले तर पाठांतर झालेल्या नटांना नवे शब्द देणं फार जड जातं.